चारा अडकल्यास

सोमवार, ११ नोव्हेंबर

क्लास सुरू झाला. दौंडात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. 'तांत्रिक लेखन व संपादन वर्ग' हे एका ओळीत बसवायला रंगाऱ्याने पाटी तीनदा पुसली. सहा मुलं आली. मी वीस खुर्च्या मागवल्या होत्या, चौदा तशाच भिंतीला लावून ठेवल्या.

पुण्याच्या कंपनीत एकोणीस वर्षं मी हेच केलं. इंजिनिअर लोकांनी खरडलेली यंत्रांची माहितीपुस्तकं आणि मोबाईल-संगणकावरची मदतीची पानं सुधारायची, माणसाला वाचता येतील अशी करायची. मार्चमध्ये आमचा सगळा विभाग बंद झाला. आता ते काम संगणकच करतो म्हणे. निरोपाला एक कुंडी दिली, ती दौंडच्या उन्हात आठवड्यात वाळली. आई म्हणते, यंत्राची पुस्तकं कोण वाचतं गं? तिला काय सांगणार.

पहिल्या दिवशी फळ्यावर मी एकच वाक्य लिहिलं: 'एक गोष्ट एकदाच सांगावी.' ते पुसायचं नाही अशी ताकीद दिली आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मुलं बरी आहेत. केडगावची मोनाली चटपटीत आहे. कासुर्डीची सविता रोज यवतहून रेल्वेने येते, बी.एस्सी. झालेली, पण लिहिते अगदी बोलल्यासारखं. तिच्या पानात एक वाक्य चार शब्दांपलीकडे जात नाही. मी तिला म्हटलं, ही शाळेतली बाराखडी नाही.

कडक बोलले मी, पण त्याला कारण आहे. आमच्या वस्तीतून शाळेत गेले तेव्हा माझ्या 'व्हय-न्हाई'वर अख्खा वर्ग हसायचा, आणि बाईही हसायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, की कुणाला बोट ठेवायला जागा सापडणार नाही असं लिहीन. तसं लिहिलंही. ह्या मुलांनाही तेच मिळावं एवढंच वाटतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आईला घरी बीपी मोजायला सांगितलंय, म्हणून काल यंत्र आणलं. मी पुस्तिका वाचत होते आणि ती करत होती. 'पट्टा हाताला गुंडाळा' एवढं वाचलं तोवर तिने कोपरावरच गुंडाळला. 'कोपरापासून दोन बोटं वर' हे पुढच्या ओळीत होतं. 'बटण दाबा' म्हटलं की दाबलं. त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, हेही पुढे होतं. मी चिडले. म्हटलं, सगळं ऐकून तर घे. तर म्हणाली, "तू सांगतीस तसंच करतीया की."

आज वर्गात हे उदाहरण म्हणून सांगितलं. वापरणारा माणूस किती उतावळा असतो ते कळावं म्हणून. सगळे हसले. सविता तेवढी हसली नाही. मुलगी जरा मंद वाटते.

मंगळवार, ३ डिसेंबर

दोन एसट्या बदलून शिरूरला गेले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. गावाबाहेर पृथ्वीराज नावाच्या तरुण मालकाचा कारखाना आहे, जनावरांच्या चाऱ्याची कुट्टी करणारं यंत्र तिथे बनतं. त्याला चाळीस पानांची जुनी पुस्तिका मोबाईलवर आणायची आहे. यंत्रावर एक स्टीकर लावणार, त्यावर मोबाईल धरला की मदतीची पानं उघडली पाहिजेत. लोक दिवसभर फोन करून त्याचं डोकं खातात. त्याचं म्हणणं एकच, मॅडम, छोटं करा.

पुस्तिका त्याच्या जुन्या फोरमनने लिहिलेली. 'बटण बंद करा' हे एक वाक्य तिच्यात अकरा ठिकाणी आहे. मी गाडीतच मोजलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसा तो माणूस तेच तेच ओतत सुटलाय.

काम चांगलं झालं तर पृथ्वीराज पुढच्या वर्गाचा भार उचलणार, शिवाय दोघांना नोकरीवर घेणार. अंधारात चाचपडत होते, आज काहीतरी हाताला लागलं.

सोमवार, ९ डिसेंबर

सहा जणांना पानं वाटून दिली होती. 'चारा अडकल्यास' हे पान सविताकडे, कारण तिच्या घरी हेच यंत्र आहे. तिने लिहून आणलं ते असं:

थांबा. चाऱ्याला हात लावू नका.
बटण बंद करा.
मेन स्विच खाली ओढा.
थांबा. चाक थांबलं का बघा.
आता चारा मागे ओढा.

मी तिच्यासमोरच लाल पेन चालवलं. दोन्ही 'थांबा' आणि 'हात लावू नका' खोडलं, कारण थांबणं ही काही कृती नव्हे, आणि हात लावायचा नाही तर चारा ओढणार कसा. बटण, स्विच आणि चाक ही तिन्ही वाक्यं उचलून 'सुरक्षिततेच्या सूचना' या पहिल्या पानावर नेली. ती अकराच्या अकरा पानांना लागू आहेत, मग पानोपानी कशाला? ह्या पानावर वर फक्त 'सुरक्षिततेच्या सूचना पाहा' अशी निळी ओळ ठेवली, तिच्यावर बोट लावलं की ते पान उघडतं. मग पहिली कृती: 'अडकलेला चारा मागे ओढून काढा.' कडेला लिहिलं, पुनरुक्ती टाळावी.

सविता सहसा बोलत नाही. आज बोलली. "मॅडम, आमच्याकडं एक जण वाचतं आन् दुसरं करतं. ज्याचा हात मशिनीत हाय, त्याच्या हातात मोबाईल कसा आसंल?"

मी म्हटलं, आपण वाचणाऱ्यासाठी लिहितो, ऐकणाऱ्यासाठी नाही. तरी तिचं चालूच. म्हणाली, आता उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, सीझन आहे, ओलं वाढं फार अडकतं, आणि अडकलं की यंत्र बंद पडल्यासारखं दिसतं पण ते बंद नसतं. हे सगळं पहिल्या पानावर आहेच, असं मी तिला दाखवून दिलं. दहापैकी चार गुण दिले. कमी दिले असतील, पण लाडाने कुणी शिकत नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

काम पाठवलं. चार हजार दोनशे शब्दांचे एकोणीसशे केले. अर्थ एकही सांडला नाही. पुण्यातल्या दिवसांनंतर प्रथमच स्वतःच्या कामाकडे समाधानाने पाहिलं. पृथ्वीराजने अंगठा पाठवला, मागोमाग फोन केला. म्हणाला, कारखान्यात सगळ्यांनी पाहिलं, एकदम सुटसुटीत झालंय.

शुक्रवार, २७ डिसेंबर

स्टीकर सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही गेले. मदतीच्या शेवटच्या पानावर सहाही मुलांची नावं टाकायला लावली मी. सविता सांगत होती, वडिलांनी, मारुतराव त्यांचं नाव, गोठ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाईल धरून दाखवलं. चौथी शिकलेत, तरी सगळी पानं मोठ्याने वाचून काढली. बापाला लेकीचं कौतुक. मलाही बरं वाटलं.

मी तिला विचारलं, आता पटलं ना, छोटं का करायचं ते? 'व्हय मॅडम' म्हणाली आणि दप्तरात काहीतरी शोधत बसली.

शनिवार, ११ जानेवारी

सविता आली नाही, फोनही नाही. काल उजळणीसाठी सगळ्यांना चारपर्यंत थांबवलं होतं, म्हणून रुसली असेल. पृथ्वीराजला दोन नावं द्यायची आहेत. अशी दांडी मारणाऱ्या मुलीचं नाव देऊ कसं?

सोमवार, १३ जानेवारी

मोनालीने सांगितलं.

शुक्रवारी दुपारी सविताची आई साखरबाई यंत्रात वाढं घालत होती. अडकलं. मारुतराव म्हणाले, थांब, सवीनं केलंय त्यात बघू. मोबाईल काढला आणि वाचायला लागले. ते वाचत होते, ती करत होती. चारा मोकळा झाला आणि पातं फिरलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. साखरबाई पुण्याला दवाखान्यात आहे. सविता तेव्हा इथे होती, माझ्यासमोर, चारपर्यंत.

मी पहिली गोष्ट काय केली ते लिहून ठेवते. मोबाईल उघडून सुरक्षिततेच्या पानावर ती ओळ आहे का ते पाहिलं. आहे. सहावी ओळ, 'कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी बटण व मेन स्विच बंद करावा.' जीव भांड्यात पडला. त्यानंतर त्या बाईच्या हाताचं मनात आलं. हा क्रम मला लपवता येत नाही, निदान इथे तरी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळगूळ हातावर ठेवला. तोंडात गोड लागला नाही. क्लासला सुट्टी दिली.

गुरुवार, १६ जानेवारी

पृथ्वीराजचा फोन. सविताचे चुलते कारखान्यात जाऊन विचारून आले, तुमच्या मोबाईलमधलं वाचूनच हे झालं, त्याचं काय? पृथ्वीराज वाईट माणूस नाही, घाबरला आहे. त्याला माझ्याकडून पत्र हवंय, क्लासच्या शिक्क्याचं: सूचना स्पष्ट दिलेली होती, वापरणाऱ्याने ती वाचली नाही. "खोटं कायच न्हाई त्यात, मॅडम," म्हणाला. पुढच्या वर्गाचं आपण ठरवलंय तसंच, हेही जोडीला सांगितलं.

खोटं काहीच नाही, हे बरोबर. पत्र लिहून काढलं. तीनच वाक्यं. चांगलं उतरलं आहे. सही तेवढी राहिली.

मोनाली म्हणते, गावात सगळ्यांच्या तोंडी एकच आहे, नवऱ्याने वाचताना ओळ गाळली आणि बायकोचा हात घालवला. मारुतराव स्वतःही तेच सांगतात. साखरबाई घरी आली आहे, पण ते तिच्यासमोर जेवायला बसत नाहीत. मोबाईल बंद करून कपाटावर टाकलाय.

म्हणजे माझं पत्र जे म्हणणार ते तो माणूस आधीच म्हणतो आहे. मग मला सही करायला काय होतंय?

रविवार, १९ जानेवारी

फाईल आवरताना सविताचा कागद सापडला. काळ्या शाईत तिच्या पाच ओळी आणि वर माझं लाल पेन. पुनरुक्ती टाळावी. अक्षर वळणदार आहे माझं, सगळे म्हणतात.

दिवसभर स्वतःशी भांडत होते. कुठल्याही संपादकाने हेच केलं असतं. पुस्तकातला नियम आहे. पृथ्वीराजने तपासलं होतं, कारखान्यातल्या लोकांनी पाहिलं होतं. मग त्यातल्या एकालाही जे दिसलं नाही ते ह्या मुलीला कसं दिसलं? तर ती गोठ्यात उभी होती. मी कधी गोठ्यात उभी राहिले? उंटावरून शेळ्या हाकल्या मी.

हे लिहिलं खरं, पण सकाळी पुन्हा वाटेल की ओळ गाळली ती त्यांनीच. मला माझी खात्री नाही.

आईला सगळं सांगितलं. तिने सुपारी फोडता फोडता ऐकलं आणि म्हणाली, "जाऊन ये. कागदानं भेट व्हत न्हाई."

शुक्रवार, २४ जानेवारी

कासुर्डीला जाऊन आले. पर्समध्ये दोन्ही कागद होते, सही न केलेलं पत्र आणि सविताचं पान. कुठला काढायचा ते गाडीतून उतरेपर्यंत ठरलं नव्हतं.

घर हायवेपासून आत आहे. सविताने दार उघडलं, 'या मॅडम' म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. कप कसला येतो, वेगळा ठेवलेला की घरातला, ते बघायची माझी जुनी खोड आहे. घरातल्याच कपात आला. मला उलट जास्त ओशाळल्यासारखं झालं.

साखरबाई भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर. मारुतराव उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले, आमच्याकडे पाठ करून. मी तब्येत विचारली. ती म्हणाली, ठणका आहे, पण म्हशीचं कसं होतंय त्याचाच घोर लागलाय. मग आवाज खाली आणून मलाच म्हणाली, "बाई, तुमी त्यांला समजवा. चार घास बी पोटात जात न्हाईत त्यांच्या."

मी विचारलं, नक्की काय काय वाचलं होतं त्यांनी? तिला सांगता येईना. म्हणाली, "तुमीच वाचा की. ऐकलं की ध्यानात येईल."

मी मोबाईल काढला आणि पान उघडलं. तिने डोळे मिटले. मी वाचलं, चारा अडकल्यास. ती म्हणाली, व्हय. मी वाचलं, सुरक्षिततेच्या सूचना पाहा. म्हणाली, व्हय, हे बी वाचलं व्हतं, पर पाहा म्हंजी कुठं, तवा त्ये म्हनले आसंल काहीतरी, आन् फुडं वाचलं.

मी पुढे वाचलं. अडकलेला चारा मागे ओढून काढा.

तिचा पट्टीतला हात मांडीवरून उठला आणि पुढे गेला.

डोळे मिटलेलेच होते तिचे. हात हवेत तसाच राहिला, कशाच्या तरी शोधात असल्यासारखा. पुढच्या ओळीत काय लिहिलंय ते मला दिसत होतं, पण मी मोबाईल पालथा ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात सविता उभी होती. ती हाताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी उठून पायरीवर गेले. मारुतरावांना म्हटलं, तुमची एकही ओळ गाळली गेली नाही. ती ओळ त्या पानावर नव्हतीच. मी काढली होती.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई बाई. तुमी मोठ्या मनानं अंगावर घेताय. सवी बी मला तसंच सांगत व्हती. मी तिला म्हनलं, एवढ्या शिकल्याल्या बाई, त्या कशा चुकतील? माझीच वळ राहिली वाचायची."

मला रडू आलं, आणि मी रडले. आयुष्यभर मला कुणाकडून तरी हेच ऐकायचं होतं.

मी सविताचं पान काढून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, काळं तुमच्या लेकीचं आहे, लाल माझं. वाचा. ते घ्यायला तयार नव्हते. शेवटी सविता येऊन शेजारी बसली आणि तिने कागदाची एक कड धरली. खोडलेल्या अक्षरांखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, ते चौथी शिकलेल्या माणसासारखं मोठ्याने वाचायला लागले.

"थांबा. चाऱ्याला हात लावू नका."

आत साखरबाईचा हात परत मांडीवर गेला.

सोमवार, २७ जानेवारी

सविताच्या पानाचा फोटो पृथ्वीराजला पाठवला. सोबत दोन ओळी: सूचना मी काढली, विद्यार्थिनीने ती लिहिली होती, पान आजच बदलावं. पत्र फाडलं. त्याचा उत्तरादाखल फोन आला नाही, पण दुपारी पाहिलं तर पान बदललेलं होतं, सविताच्या पाचही ओळी जशाच्या तशा. शेवटच्या पानावरची मुलांची नावं मात्र काढून टाकली होती. दुसरा वर्ग होणार नाही हे उघड आहे. खुर्च्या न्यायला टेम्पो बुधवारी येईल. मोनालीला पुण्यातल्या एक-दोघांचे नंबर दिले. सविताला फोन केला, ती म्हणाली, आता घरी दूध-शेण सगळं तिच्याच अंगावर आहे, यायचं जमणार नाही. तरी मी तिला म्हटलं, लिहीत राहा. ती 'व्हय मॅडम' म्हणाली. तिचं 'व्हय' मी आता ओळखते.

संध्याकाळी आईचं बीपी घ्यायचं होतं. मी पुस्तिका उघडली तेव्हा ती बाही वर करून, हात पुढे धरून, माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मला पहिली ओळ वाचवेना.